लातूरचे कोरडे कूलर

मी बी.कॉम. झाले तेव्हा आमच्या घरात माझ्याबद्दल दोन मतं होती. वडिलांचं म्हणणं, मुलीनं सरकारी नोकरीच धरावी. आईचं म्हणणं, ती मिळेपर्यंत मुलीनं घरात बसून आपलं डोकं खाऊ नये. वडील मुदखेड जंक्शनवर पॉइंट्समन होते. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात दोनच गोष्टी पक्क्या होत्या, शिकायचं आणि सरकारात लागायचं. मी पहिली पुरी केली होती. दुसरीचे अर्ज पोस्टात पडत होते आणि पोस्टातच राहत होते.

मग आईच्या मताप्रमाणे मी नांदेडला वजिराबादेतल्या एका पंख्यांच्या दुकानात लागले. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. मालकांना कंपन्यांना पत्रं लिहायला कुणीतरी हवं होतं. त्यांचं अक्षर त्यांना स्वतःला लागत नसे. त्यांनी मला एक ओळ लिहायला लावली, कागद हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "हाव, हे वाचता येऊन राहिलंय. उद्यापासून या."

दुकानात पंखे, इस्त्र्या, मिक्सर असलं सगळं होतं, पण खरं दुकान चालायचं कूलरवर. पत्र्याचे सांगाडे हैदराबादहून यायचे, मीटरगेजवरच्या मालगाडीने. पंखा, मोटर आणि वाळ्याच्या ताट्या नांदेडला बसायच्या. हे काम मागच्या अंगणात मिस्त्री करायचे. त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचा निम्मं मराठी, निम्मं दखनी बोलत आणि दोन्ही फार कमी बोलत.

कूलरचा धंदा होळीला सुरू होऊन मृगाला संपतो. मधले तीन महिने सोडले तर वर्षभर कूलरकडे कुणी ढुंकून पाहत नाही. त्यामुळे सगळी गंमत असते ती माल मागवण्यात. कमी मागवला तर भर उन्हात गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. जास्त मागवला तर उरलेला माल गोदामात गंजतो, आणि पुढच्या वर्षी हैदराबादवाला नवा रंग, नवी जाळी काढतो. मग जुना कूलर दिसला की लोक म्हणतात, "हा मागच्या सालचा का?" आणि तोंड वाकडं करतात.

त्यात कूलर एक नव्हता. एक छोटा, स्टुलावर मावणारा. एक खिडकीचा, मागून गजांना अडकवायचा. एक चाकांचा, या खोलीतून त्या खोलीत ढकलायचा. आणि एक कचेरीचा, कपाटाएवढा उंच, ज्याच्या टाकीत वासरू उभं राहावं. मालक सगळे एकाच हिशोबाने मागवत. मागच्या वर्षी किती गेले, त्यात थोडे वाढवायचे. कुठल्या जातीचे वाढवायचे, ते पत्र लिहिताना मनात येईल तसं.

मला गल्ल्याजवळ बसून एक गोष्ट दिसू लागली. माणूस दुकानात येताना एकच गोष्ट डोक्यात घेऊन येतो. "चाकं आहेत का? न्हाईत? मग ऱ्हाऊ द्या." आणि तो जातो. गेलेला माणूस कुठल्याच वहीत दिसत नाही. मी पंख्याच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला आणि त्यावर लिहायला लागले, आज कोण काय मागून परत गेलं. मालकांनी पुठ्ठा पाहिला आणि हसले. "विकलेला माल लिहायचा सोडून गेलेल्या गिऱ्हाइकाची वरात काढून राहिली काय?"

चाचा मागून म्हणाले, "लिखने दो सेठ. पुठ्ठा फुकटचा हाय."

त्याच सुमाराला लातूर जिल्हा होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. उस्मानाबादमधून फुटून निघालेला नवाकोरा जिल्हा. भाड्याच्या इमारतींवर पाट्या लागत होत्या, बदलीवर आलेली माणसं खोल्या शोधत होती, टेबल-खुर्च्यांचे ट्रक उतरत होते. आमचे मालक एकदा लग्नाला लातूरला गेले आणि परत आले ते वेगळेच होऊन.

"जिकडं पहावं तिकडं कचेऱ्या," ते म्हणाले. "आन् एका बी कचेरीत कूलर न्हाई. साहेब लोक घामानं भिजून राहिलेत."

त्यांनी गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एक गाळा भाड्याने घेतला आणि मला ऑर्डरचं पत्र लिहायला बसवलं. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. म्हणजे थोडा आला, फसवून गेला, खरीप गेलं आणि परतीचाही आला नाही. मी भीत भीत म्हटलं, "मालक, साल वाईट आहे. जरा कमी मागवायचे का?"

"अगं, उलट!" मालक जवळजवळ उठलेच. "पाऊस न्हाई म्हणजे ऊन लई. ऊन लई म्हणजे कूलर लई. एवढं बी.कॉम. झालीस आन् एवढं कळंना?"

मला ते पटलं. खरंच पटलं. पुढे जे झालं त्याचा दोष मी सगळा मालकांवर टाकू शकले असते, पण कचेरीचे ढीगभर कूलर जसे मालकांनी मागवले, तसे खिडकीचे ढीगभर मी मागवले. माझ्या पुठ्ठ्यावर खिडकीवाल्यांची मागणी सगळ्यात जास्त होती. मी पुठ्ठा दाखवला, मालकांनी मान डोलवली, आणि मी माझ्या वाचता येणाऱ्या अक्षरात आकडा लिहिला. ते पुठ्ठे नांदेडच्या खिडक्यांचे होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

होळीच्या आधी माल ट्रकने लातूरला गेला आणि मागून चाचा आणि मी एस.टी.ने. लोहा, अहमदपूर, चाकूर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानं अशी पडली होती की जणू कुणी चटई गुंडाळून नेली होती. चाचा खिडकीतून बघत होते. अहमदपूर मागे पडल्यावर ते एकदाच बोलले. "बेटी, कूलरला पानी लागतं ना?"

मी म्हटलं, "लागतं की."

"हां," म्हणून ते परत खिडकीबाहेर बघू लागले.

लातूरला माझी आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मी तिच्याकडे उतरले. घरात शिरले तर पाय ठेवायला जागा नाही. घागरी, बादल्या, पातेली, कुकर, सगळं पाण्याने भरलेलं. मी चहा करायला किटली उचलली तर किटलीसुद्धा पाण्याने भरलेली.

"नळ चार दिवसांनी येतो, तोही दुपारी," आत्या म्हणाली. "मधल्या सुट्टीत पळत घरी येते मी. काल डबासुद्धा भरून ठेवला. आणि तू इथं काय विकायला आलीस म्हणालीस?"

"कूलर."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मग एक-एक शब्द सुटा करून म्हणाली, "त्याला पाणी कोण पाजणार गं?"

तेव्हा मला चाचांचा प्रश्न नीट ऐकू आला.

दुकान तर उघडायलाच हवं होतं. उघडलं. दारात एक चाकांचा कूलर ठेवला आणि चालू केला. कोरड्या कूलरमधून नुसता गरम वारा येतो, त्याने कुणी थांबत नाही. म्हणून चाचांनी शेजाऱ्याकडून घागरभर पाणी आणलं. मी स्वतः गेले नाही. पाणी मागायला गेलं की लोक आधी आडनाव विचारतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. कूलरमध्ये पाणी घातलं, वाळा भिजला, छान वास सुटला. लोक थांबले, चेहरा पुढे करून उभे राहिले. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात एक म्हातारी रिकामी घागर काखेत धरून रस्त्याने जात होती, ती थबकली. ताट्यांवरून ओघळणारं पाणी तिने पाहिलं आणि सरळ आत आली.

"पोरी, सकाळधरनं घागर घिऊन फिरून राहिले मी. आन् तू पत्र्याला पानी पाजून राहिलीस व्हय?"

कूलर तेवढा घुरघुरत होता. मी बटण बंद केलं, चाचांनी टाकीतलं पाणी तिच्या घागरीत ओतलं. घागर निम्मीच भरली. म्हातारी "भांडी घासायला व्हईल" म्हणाली आणि गेली. त्यानंतर आम्ही लातूरमध्ये कूलर कधीही भिजवून दाखवला नाही.

पहिल्या महिन्यात छोटे कूलर काही गेले. त्यांना पाणी कमी लागतं, तांब्या-दोन तांबे घातले तरी तासभर निघतो. कुणाकडे म्हातारं माणूस, कुणाकडे बाळंतीण, अशी माणसं घेऊन गेली. चाकांचे दोन-चार गेले. खिडकीचा एकही नाही. लातूरच्या जुन्या घरांच्या खिडक्या अरुंद आणि गज एकमेकांना चिकटलेले, त्यात आमचे आकडे अडकतच नव्हते. एक बाई मोजायला दोरी घेऊन आल्या, दोरी लावली आणि म्हणाल्या, "आधी भिंत पाडावी लागंल." आणि कचेरीचे कूलर? ते मागच्या भिंतीशी रांगेत उभे होते. कचेऱ्यांना खरेदीची मंजुरी यायची होती, आणि आली तरी त्यात पाणी ओतायला शिपाई मिळणार होता, पाणी मिळणार नव्हतं.

मालकांचा ट्रंक कॉल आला. शेजारच्या दुकानात फोन होता, मी धावत गेले.

"सगळ्यावर दहा टक्के सूट लाव!" ते ओरडले. त्या काळी लांबचा फोन म्हणजे ओरडायचं असंच सगळे समजत.

मी पाटी लावली. आठवडाभरात छोटे भराभर गेले, कचेरीचे जागचे हलले नाहीत. मालकांचा परत फोन, "पंधरा कर." पंधरा केले. आता आणखी एक मजा सुरू झाली. उस्मानाबादहून बदलून आलेले एक कारकून होते. ते दर शनिवारी कचेरी सुटल्यावर यायचे, छोट्या कूलरवरून हात फिरवायचे आणि विचारायचे, "आज किती?"

"पंधरा टक्के."

"हां. येतो मग पुढच्या शनिवारी."

तिसऱ्या शनिवारी मी त्यांना विचारलंच, "साहेब, तुम्हाला कूलर आवडलाय, पत्नीला घेऊन आलात, त्यांनाही आवडला. मग घेत का नाही?"

ते अगदी सरळपणे म्हणाले, "ताई, दहाचे पंधरा झाले. पंधराचे वीस होतील. मी काही येडा हाय का आज घ्यायला?"

त्या संध्याकाळी मी आत्याच्या घरी पुठ्ठा घेऊन बसले. छोटे कूलर, जे सूट नसती तरी गेले असते, ते आम्ही सूट देऊन घालवले. जे कुणाला नकोत त्यांना पंधरा काय, पन्नास टक्के सूट दिली तरी नकोतच, कारण अडचण किमतीची नव्हतीच. आणि जे घ्यायला तयार होते, त्यांना आम्हीच थांबायला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालकांना न विचारता मी पाटी काढली. छोटे पाच उरले होते, त्यांच्यावर मूळ किंमत लावली. शनिवारी कारकून आले, पाटी शोधू लागले.

"सूट कुठंय?"

"संपली. छोटेही पाचच राहिलेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, खिशात हात घातला. त्यांनी पूर्ण किमतीला कूलर घेतला आणि सायकलच्या कॅरिअरवर बांधताना मला म्हणाले, "तुमी व्यापारी लोक लई वंगाळ." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी व्यापारी म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी त्यांना दोरी फुकट दिली.

पण मागच्या भिंतीचा प्रश्न तसाच होता.

एप्रिल सरता सरता औशाकडच्या एका गावचे एक शेतकरी आले. पन्नाशीचे, डोक्याला पटका, बाहेर बैलगाडी सोडलेली. सरळ मागच्या भिंतीकडे गेले आणि एका कचेरीच्या कूलरच्या पोटावर बोटाने टकटक केली.

"बाई, ह्येच्यात पानी किती मावतंय?"

मी सुरू झाले, "काका, पंखा सोळा इंची, मोटर तांब्याची, तीन बाजूंनी ताट्या..."

"पंख्याचं न्हाई इचारलं मी. पानी किती मावतंय?"

मला माहीतच नव्हतं. पाणी भरून मोजणं तर शक्य नव्हतं. शेजारी आडत होती, तिथले आडते उगाच गंमत बघायला आले होते. ते म्हणाले, "ज्वारीनं मोजा की." आणि खरोखर त्यांनी एक घागर आणि एक पोतं पाठवलं. चाचांनी ताट्या काढल्या आणि आम्ही घागरीने ज्वारी मोजून त्या कूलरमध्ये ओतली. आठ घागरी ज्वारी गेली. शेतकरी काका प्रत्येक घागरीला मान हलवत होते.

"गावाला टँकर येतो," ते म्हणाले. "हिरीत पानी सोडतो आन् अर्ध्या तासात हीर कोरडी. ज्याच्या घरी भांडं मोठं त्याला पानी. माझ्या घरी तेरा माणसं आन् चार जनावरं. ह्येचा पंखा काढून देता का?"

"पंखा काढून?"

"मला वारा नको हाय. वारा गावात लई हाय."

मी चाचांकडे बघितलं. चाचा आधीच पान्हा शोधत होते.

"पंखा निकाल देतो," चाचा म्हणाले. "वरचा सांगाडा कापतो. खाली टाकी राहील. मोटरच्या तारेचं भोक हाय, त्याला डाग देतो. जाळीचं झाकण करून देतो, उंदीर पडणार न्हाई."

किंमत मला ठरवायची होती, आणि मला तसा काहीच अधिकार नव्हता. मी गल्ल्यावर बसून डोकं चालवलं. या कूलरमध्ये शिळं काय होतं? पत्रा. पुढच्या वर्षी नवा आकार निघाला की पत्रा जुना दिसतो, गंजतो, जागा खातो. पंखा आणि मोटर मात्र शिळी होत नाही. ती खोक्यात घालून नांदेडला नेली तर पुढच्या वर्षीच्या सांगाड्यात बसेल. म्हणजे मला फक्त पत्र्याची किंमत सुटायला हवी. मी ती सांगितली. काकांनी थोडी घासाघीस केली, मी थोडी उतरले, आणि चाचांनी दुकानाच्या दारात बसून लातूरमधला पहिला कूलर कापला.

गाडीत टाकी चढवताना मी म्हटलं, "काका, आतून रंग दिलेला आहे. पिण्याचं पाणी यात भरू नका. वापरायचं, जनावरांचं चालेल."

"हाव, हाव," ते म्हणाले. "पिन्याला रांजन हाय."

तिसऱ्या दिवशी त्यांच्या गावची दोन माणसं आली. मग शेजारच्या गावची. मग लातूर शहरातल्याच बायका यायला लागल्या, आणि त्या शेतकरी काकांपेक्षा चोखंदळ निघाल्या. एकीला तोटी हवी. एकीला झाकण बिजागरीचं हवं. एकीची मोरी लहान, तिला उंच नको, पसरट हवी. मी नवीन पुठ्ठा फाडला आणि परत लिहायला बसले, पण आता कोण काय न घेता गेलं हे लिहावंच लागत नव्हतं, कारण चाचा ते तिथल्या तिथे कापून, ठोकून, झाळून देत होते. कुणाला काय हवं हे आधी कळलं आणि माल नंतर तयार झाला, असा धंदा मी आधी कधी पाहिला नव्हता. दारावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, "टाकी मिळेल. पिण्याच्या पाण्यासाठी नाही." ते दुसरं वाक्य वाचून एक-दोन गिऱ्हाइकं परत गेली. जाऊ दिली.

नांदेडला बातमी माझ्याआधी पोहोचली. कुणीतरी मालकांना सांगितलं की तुमची पोरगी लातूरला कूलर कापून राहिली. मालक पहिल्या गाडीने आले. दुपारी दीडच्या सुमाराला ते दारात उभे राहिले, पिशवी हातात, शर्ट घामाने चिकटलेला. समोर चाचा एका सांगाड्यावर करवत चालवत होते. बाजूला कापलेले वरचे भाग रचून ठेवलेले, आणि त्यांच्याशेजारी पंखे आणि मोटरी नावं लिहिलेल्या खोक्यांत.

"हे काय चालू हाय?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. चिडले की ते ओरडत नसत, आवाज बारीक होई. "माझ्या मालाची कत्तल लावलीय काय इथं?"

मी उभी राहिले. "मालक, आधी बसा. पाणी प्या."

"पानी नको. तुला कुणी इचारून काम करायला शिकवलं न्हाई काय?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

चाचांनी करवत थांबवली. मी पंख्यांची खोकी दाखवली, मोटरी दाखवल्या, पुढच्या वर्षी काय काय पुन्हा बसवता येईल ते सांगितलं. पत्र्याला काय आलं ते सांगितलं. खिडकीच्या कूलरबद्दलही सांगितलं, की ती चूक सगळी माझी, लातूरच्या खिडक्या बघून मी मागवायला हवे होते. मालक ऐकत होते, पण त्यांचं लक्ष मागच्या भिंतीकडे होतं. तिथे जो माल रांगेत उभा असायला हवा होता, त्यातले चारच शिल्लक होते.

तेवढ्यात एक बाई आल्या आणि मालकांना दुकानातलं माणूस समजून म्हणाल्या, "दादा, जरा झाकण धरा की. आत हात घालून बघते, चरचरतंय का."

मालकांनी पिशवी खाली ठेवली आणि झाकण धरलं. बाईंनी आत हात फिरवला. "इथं कड लागतीय."

"चाचा," मालक म्हणाले, "इथं जरा कानस मारा."

अर्ध्या तासाने मालकांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या होत्या आणि ते एका माणसाला सांगत होते की ही टाकी हैदराबादची आहे, असा जाड पत्रा लातुरात मिळणार नाही. मी आणि चाचा एकमेकांकडे बघून हसलो, पण त्यांना दिसणार नाही असं.

संध्याकाळी मालक आत्याकडे जेवायला बसले. त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या होता. तो निम्माच भरलेला होता आणि ते अगदी बेताने पीत होते. मग आत्याला म्हणाले, "ताई, मी इथं पाचदा येऊन गेलो. कचेऱ्या मोजल्या, साहेब मोजले. नळ बघितलाच न्हाई."

आत्या म्हणाली, "चार दिवसांनी येतो. कसा दिसणार?"

मृग लागायच्या आत कचेरीचे सगळे आणि चाकांचे उरलेले कूलर टाक्या होऊन गेले. खिडकीचे तेवढे उरले. त्यांची टाकी परातीएवढी उथळ, त्यात कुणाला रस नव्हता. ते आम्ही परत नांदेडला नेले. पुढच्या वर्षी मी हट्ट धरून ते होळीच्याही आधी, उन्हाला जोर यायच्या आत, कमी भावात काढले, म्हणजे नव्या मालाच्या वाटेत ते येणार नाहीत. नऊ तरीही उरले. त्यांची चाचांनी खुराडी केली. त्यांच्या गल्लीत पिस्ता रंगाच्या पत्र्याच्या खुराड्यांत कोंबड्या राहू लागल्या, आणि चाचा म्हणायचे की हवेशीर घर आहे, अंडी जास्त देतात. मला त्यात काही तथ्य दिसलं नाही, पण अंडी मी आणत असे.

लातूरहून परतलो त्याच पावसाळ्यात मालकांनी माझा पगार वाढवला आणि माल मागवायचं काम माझ्याकडे दिलं. वडिलांना सांगितलं तेव्हा ते स्टेशनवरून नुकतेच घरी आले होते, हातात अजून कंदील होता. "म्हणजे आता तू किती मागवायचं ते ठरवणार?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि चुकलं तर?"

"चुकतंच. थोडं चुकायचं, सगळं एकदम नाही."

वडील हसले. सरकारी नोकरीचे अर्ज मात्र त्यांनी भरणं थांबवलं नाही. पुढे मला ती लागलीही, पण ती बऱ्याच वर्षांनी.

ऑक्टोबरात मी पहिल्यांदा हैदराबादला गेले, मालकांबरोबर, सांगाडे बनवणाऱ्याच्या कारखान्यात. मी चार पुठ्ठे नेले होते. कारखानदार वयस्क होते, पांढरी दाढी, चहा पाजल्याशिवाय बोलत नसत. चहा झाल्यावर मी त्यांना सांगितलं की मला असा कूलर हवा, ज्याची खालची टाकी सुटी निघेल आणि वरचा पंख्याचा खोका वेगळा राहील. मधे चार बोल्ट. साल चांगलं असेल तर कूलर, साल वाईट असेल तर टाकी.

कारखानदारांनी पुठ्ठा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग मालकांना विचारलं, "ये कौन सोची?"

मालक म्हणाले, "ही. बी.कॉम. हाय."

"बोल्ट चार नको," कारखानदार मला म्हणाले. "सहा लगाते. चार में पत्रा हिलेगा."

आम्ही सहावर ठरवलं. परतीच्या गाडीत मालक उमरीपर्यंत झोपले. मग जागे होऊन त्यांनी एका स्टेशनवर पेरू घेतले, त्यातला मोठा मला दिला आणि विचारलं, "खिडकीचे किती मागवले?"

"पाच," मी म्हटलं. "नांदेडसाठी. लातूरला एक पण नाही."